सँडविचमध्ये बटाटा-काकडीपलीकडे काय भरावं?

प्रश्न साताऱ्याच्या एका ताईंचा आहे. त्या घरून डबे देतात आणि आता संध्याकाळी पोवई नाक्याच्या बाजूला सँडविचचा छोटा स्टॉल लावायच्या विचारात आहेत. त्यांनी विचारलंय, "बटाटा, काकडी, टोमॅटो आणि वर चीज हे तर सगळीकडेच मिळतं. आपल्या भागाच्या चवीचं पण वेगळं असं काय भरता येईल? आणि ऐकायला विचित्र वाटणाऱ्या पण खाताना जमून येणाऱ्या जोड्या कोणत्या?"

मी सांगलीत विश्रामबागेला सँडविचचीच गाडी चालवते. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं, त्यामुळे नवीन काही केलं की आवडलं का नाही ते तोंडावर कळतं. जे टिकलं तेच इथं सांगते.

ताई, सारणाचा विचार ब्रेडपासून सुरू करा. आपल्याकडची सगळी तोंडीलावणी भाकरीसाठी तयार झालीत. ज्वारीची भाकरी खरपूस, भरड, चवीला जवळजवळ अळणी. तिच्याबरोबर नुसता खर्डा आणि वर तेलाची धार असली तरी जेवण होतं. बाजारातला पांढरा ब्रेड तसा नाही. पिठात साखर घातलेली असते, शिवाय चावताना लाळेमुळे त्यातल्या स्टार्चची आणखी थोडी साखर होते. तो मऊ असतो आणि ओल लागली की पाच-दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. म्हणून घरची भाजी तशीच उचलून ब्रेडमध्ये भरली की मिळमिळीत लागते. भाजीत काही कमी नसतं, ब्रेडच्या गोडीनं तिची धार मारलेली असते. त्या गोडीसमोर आंबट, तिखट, खारट किंवा कडवट असं काहीतरी ठसठशीत पाहिजे, आणि दोघांच्या मध्ये लोणी, चक्का, चीज, शेंगदाणा असं काहीतरी स्निग्ध पाहिजे. विचित्र वाटणाऱ्या ज्या जोड्या माझ्याकडे चालतात त्यातल्या बहुतेक याच पायावर उभ्या आहेत.

यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे खर्डा आणि चक्का. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून ठेवाच.

खर्डा मिक्सरमध्ये करू नका. हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परता, त्यात लसणाच्या पाकळ्या आणि भाजलेले शेंगदाणे घाला, जाडं मीठ टाका आणि गरम तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरमध्ये मिरचीचं पाणी सुटतं आणि दाण्याचं पीठ होतं. रगडलेल्या खर्ड्यात मिरचीची साल, दाण्याचा तुकडा, लसणाचा करपलेला कोपरा हे सगळं वेगवेगळं दाताखाली येतं, आणि मऊ ब्रेडला नेमकं तेच हवं असतं. चक्का मात्र पूर्ण निथळलेला घ्या. रात्री टांगलेलं दही सकाळी काढलं की ते पंच्यात पिळून बघा. थेंब पडत असेल तर अजून दोन तास राहू द्या. चार मोठे चमचे चक्क्याला एक छोटा चमचा खर्डा, चिमूटभर मीठ, आणि साखर अजिबात नाही. साखर ब्रेडमध्ये आहेच.

ही जोडी का जमते तेही सांगते, म्हणजे तुम्हाला पुढच्या जोड्या स्वतः शोधता येतील. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तुपात-तेलात विरघळतो, आणि दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. त्यामुळे चक्क्यातला खर्डा जिभेवर एकदम चढत नाही. आधी आंबट लागतं, मग लसूण, मग दाणा आणि घास गिळल्यावर तिखट. तिखट न खाणारी पोरंसुद्धा हे सँडविच पुरं करतात. एक पथ्य आहे: हे कधीही ग्रिल करू नका. आंबवून लावलेल्या दह्याला उष्णता लागली की ते आक्रसतं आणि पाणी सोडतं. ब्रेड आधी एका बाजूनं तव्यावर कुरकुरीत करा, निवू द्या, भाजलेली बाजू आत ठेवून सारण लावा. भाजलेला पापुद्रा ओल अडवतो आणि बाहेरची मऊ बाजू हाताला आणि ओठाला मऊच लागते. बहुतेक जण उलटं करतात, बाहेरून भाजतात आणि आतून भिजवतात.

दुसरी जोडी बेदाणा, हिरवी मिरची आणि चीज. हे नाव पाटीवर वाचून पोरं आधी थबकतात. सांगलीत बेदाण्याला तोटा नाही, तासगाव आणि सांगलीचे सौदे तुम्हाला माहीत असतीलच, आणि इथल्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण गंमत इथल्या मालापुरती नाही. फळाची गोडी आणि मसाल्याचा जाळ ब्रेडमध्ये एकत्र भरणं जगात जुनं आहे. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी लंडनमध्ये थंड चिकनचा एक पदार्थ केला गेला, त्यात करी पावडर आणि जर्दाळूचा गर होता. पुढे तो पदार्थ इंग्लंडभर सँडविचचं सारण म्हणून पसरला आणि लोक त्यात बेदाणे घालू लागले. तिथं जे काम करी पावडर करते ते आपल्याकडे मिरची आणि जिरं करतात.

इथं बेदाणा कसा वापरायचा हे महत्त्वाचं. द्राक्षं सुकवताना ती डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली असतात, म्हणून बेदाणा कोमट पाण्यानं धुवूनच घ्या. मग लिंबाच्या रसात, किंचित मीठ आणि लाल तिखट घालून अर्धा तास ठेवा. हिरवा बेदाणा घ्या, तो मुळात थोडा आंबटसर असतो. पिवळा जास्त गोड लागतो. कोरडा बेदाणा ग्रिलमध्ये घातला तर कडेला आलेले दाणे जळून कडू होतात, आणि आतले चिवट राहतात. भिजवलेला दाणा फुगतो, आणि चावल्यावर आधी आंबट, मग गोड निघतो. तो सुरीनं जाडसर चिरा, किसलेल्या चीजमध्ये मिसळा, बारीक चिरलेली मिरची आणि भाजून कुटलेलं जिरं घाला. चीज इथं प्रोसेस्डच बरं. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते वितळताना तेल सोडत नाही, एकजीव राहतं आणि बेदाण्याला धरून ठेवतं. मोझरेला ताणला जातो आणि पहिल्या घासालाच सगळं सारण ओढून बाहेर आणतो.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ताजी द्राक्षं असतात तेव्हा मी बेदाण्याच्या जागी शरद जातीची काळी द्राक्षं घालते, पण पद्धत बदलते. द्राक्ष गरम झालं की आतला रस उकळतो आणि खाणाऱ्याचं तोंड भाजतं. म्हणून चीज-मिरचीचं सँडविच ग्रिल करून घ्यायचं, उघडायचं, उभी चिरून फडक्यावर पालथी ठेवलेली गार द्राक्षं त्यात रचायची, वर मिरी कुटून घालायची आणि मिटवायचं. गरम चीज आणि गार द्राक्ष एका घासात आलं की लोक दुसरं मागतात.

आता ओली हळद. थंडी संपता संपता हळद निघते, आणि तेव्हा ओल्या हळदीचं लोणचं आपल्याकडे घरोघर होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण ते वाळलेल्या हळदीच्या व्यापारामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. ओली हळद सँडविचमध्ये कुणी घालत नाही, याचं मला नवल वाटतं. कोवळं कांड खरवडायचं, बटाट्याच्या वेफरपेक्षा पातळ चकत्या करायच्या, तितकंच आलं, एखादी मिरची, मीठ आणि भरपूर लिंबू. दोन दिवस मुरू द्यायचं. मीठ कडवटपणा खाली बसवतं, लिंबू मातकट वास उजळ करतं. हे पनीरबरोबर घाला. पनीर स्वतः काहीच बोलत नाही म्हणून लोक त्याला नाना सॉसमध्ये बुडवतात. हळदीच्या लोणच्याच्या पाच-सहा चकत्यांनी त्याला जी चव येते ती कोणत्याही बाटलीतून येत नाही. पनीर जाड कापून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी लाल करा, चकत्या निथळून वर ठेवा, वर थोडी कोथिंबीर. बाकी काही नको.

हळदीसाठी पाट आणि सुरी वेगळी ठेवा. डाग पडला तर घासत बसू नका, धुवून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. खायच्या सोड्याचं पाणी मात्र लावू नका, डाग लाल होतो.

इथं थांबून ओलाव्याबद्दल बोलते, कारण स्टॉल चालणं-न चालणं यावर असतं. सारण कितीही चांगलं असो, दहा मिनिटांनी ब्रेड बसला की संपलं.

पहिलं काम लोण्याचं. लोणी चवीला आहे असं लोक समजतात, ते खरं म्हणजे ब्रेडवरचं अस्तर आहे. ते कडेपर्यंत लागलं पाहिजे, दोन्ही स्लाइसना, आणि एकही कोरी जागा न ठेवता. त्यासाठी लोणी मऊ पाहिजे, वितळलेलं नको. वितळलेलं लोणी ब्रेड पिऊन टाकतो आणि वर थर राहतच नाही. साताऱ्याच्या थंडीत लोणी कडक होईल. डब्याला बाहेरून कोमट पाण्यात धरा. आणि लोण्याच्या नावाखाली वनस्पती तुपाचा स्प्रेड लावू नका. तो ओल अडवतो खरा, पण टाळूला चिकटतो आणि सगळ्या चवींवर झाकण ठेवतो.

दुसरं काम चटणीचं. हिरवी चटणी पातळ असणं हा आपल्या भागातल्या सँडविचचा सगळ्यात मोठा दोष आहे. कोथिंबीर देठांसकट घ्या, चव देठातच असते. पुदिना कोथिंबिरीच्या चौथाईपेक्षा जास्त नको, लवकर काळा पडतो आणि कडवट होतो. मिरची, आलं, जिरं, मीठ, लिंबू, आणि पाण्याऐवजी दोन-तीन बर्फाचे खडे. मिक्सर तापला की चटणीचा रंग जातो, बर्फ तो तापू देत नाही. लिंबाचा आंबटपणा ती काळी पडायचं लांबवतो. मग दोन चमचे पंढरपुरी डाळं. डाळं मोकळं पाणी शोषून घेतं आणि चटणीला अंग येतं. चमचाभर चटणी स्लाइसला लावून स्लाइस उभा धरा. ओघळली तर अजून डाळं घाला.

काकडी आणि टोमॅटोला मीठ सँडविचमध्ये शिंपडू नका, मीठ त्यांचं पाणी तिथंच बाहेर ओढतं. काकडीच्या चकत्यांना आधीच मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, मग फडक्यात दाबा. टोमॅटोचा बिया असलेला गर काढून टाका, तो चटणीत वापरा. बीट उकडून, कापून, पंख्याखाली कोरडं करा. आणि ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि भुसभुशीत होतो. कालचा ब्रेड, बाहेर, पिशवीत गुंडाळलेला, हा सँडविचला सगळ्यात चांगला. आजचा भट्टीतून आलेला कापताना आणि लोणी लावताना फाटतो.

विचित्र जोड्यांकडे परत येते. शेंगदाणा आणि केळं. अमेरिकेत शेंगदाण्याचा लगदा आणि फळांची जेली ब्रेडला लावायची पद्धत आहे, तिची लिहिलेली कृती १९०१ पासून सापडते. तिकडच्या पीनट बटरमध्ये साखर आणि मीठ असतं, वर गोड जेली, सगळंच गोड. माझ्या जिभेला ते अपुरं वाटतं. आपली लसणाची लाल शेंगदाणा चटणी घ्या, खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली. लोणी लावलेल्या स्लाइसवर ती पसरा, वर केळ्याच्या लांब कापट्या आणि तव्यावर मंद भाजा. केळं देठाकडे अजून हिरवट असलेलं घ्या, पिकून ठिपके पडलेलं नको, त्याचा शिरा होतो. लसूण आणि केळं म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. पण केळ्याची गोडी, मिरचीचं तिखट आणि दाण्याचा खमंगपणा, वर लोण्याचं मीठ, हे एकमेकांना इतकं धरून बसतं की लसूण वेगळा शोधावा लागतो. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांना आधी एक चौकोनी तुकडा चाखायला द्या.

भरीत. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आपण भाकरीबरोबर खातो तसं ब्रेडमध्ये चालणार नाही. वांगं चुलीवर किंवा गॅसवर भाजल्यावर सोलून चाळणीत अर्धा तास ठेवा, बरंच पाणी खाली पडेल. मग चेचून त्यात दाण्याचं कूट, खर्डा, लिंबू घाला. टोमॅटो नको. कच्चा कांदा खाण्याच्या वेळेलाच वरून. धुराचा वास हा इथला खरा मसाला आहे, म्हणून कुकरला वांगं शिजवून भरीत करणाऱ्यांनी हे सँडविच करू नये.

तुम्ही साताऱ्याच्या, तेव्हा कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा तुमच्या हाताशी आहे. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. घेवडा अर्धाकच्चा ठेवू नका, पोटाला त्रास होतो. कढईत कांदा लाल करून घरचा कांदा-लसूण मसाला, मग घेवडा, आणि पळीच्या पाठीनं अर्धा चेचा, अर्धा अख्खा ठेवा. पळी फिरवली की कढईचा तळ दिसला पाहिजे इतका कोरडा करा. शेवटी आमसुलाचं आगळ किंवा लिंबू. हे ग्रिलला फार सुंदर लागतं, पोट भरतं, आणि खर्चात बसतं. डबे देता म्हणजे तुमचा मसाल्याचा हात तयार असणारच. हे तुमचं ओळखीचं सँडविच होऊ शकेल.

मटकीची उसळ पण चालते, कोरडी असेल तर. मेथीची परतून कोरडी केलेली भाजी चीजबरोबर छान, तिचा कडवटपणा ब्रेडच्या गोडीला बरोबर भेटतो. कारल्याचं मात्र जमत नाही. कारल्याला गूळ आणि चिंच लागते, ती आली की ओल आली. भेंडी, गवार यांचा विचार सोडून द्या.

कुरकुरीतपणासाठी भडंग. इंग्लंडात ब्रेड-लोण्यात बटाट्याचे वेफर दाबून खातात, त्यांच्याकडे हे घरगुती आणि आवडतं खाणं आहे. आमच्याकडे सांगलीचं भडंग आहे, लसणाचं, तिखट, दाणे घातलेलं. उकडलेल्या बटाट्याच्या साध्या सारणावर मूठभर भडंग टाकून सँडविच हलकं दाबलं की खाताना आवाज येतो. हे काम गिऱ्हाईक समोर उभं असतानाच करायचं, कारण चार-पाच मिनिटांत चुरमुरा नरम पडतो. पार्सलला भडंग वेगळ्या पुडीत द्या.

गोड सँडविच थोडीच ठेवा, पण ठेवा. जपानमध्ये ब्रेडच्या कडा काढून त्यात घट्ट फेटलेली साय आणि फळं भरतात, कापल्यावर फळाचा अख्खा गोल दिसावा अशी रचून. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तुमच्या दारात आहे, तुमच्याइतकी ताजी मला इथं मिळत नाही. सायीऐवजी चक्का घ्या, पिठीसाखर श्रीखंडाच्या निम्म्याहून कमी. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, पूर्ण पुसा आणि मगच देठ काढा, नाहीतर फळ पाणी पितं. तीन फळं स्लाइसच्या कर्णरेषेवर टोकाला टोक लावून मांडा, फटी चक्क्यानं भरा, बटर पेपरात घट्ट गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच रेषेवर कापा. इतका वेळ चालतो, ब्रेड त्यानं शिळा होत नाही. वर काळी मिरी. मिरीशिवाय ते नुसतं गोड होतं. मिरीनं स्ट्रॉबेरीचा वास पुढे येतो.

कंदी पेढ्याचंही करून बघा. खवा खरपूस भाजलेला असल्यामुळे त्याला कडवटपणाची एक छटा असते, आणि मिठाचं लोणी त्याला फार मानवतं. एक पेढा कुस्करून लोणी लावलेल्या दोन स्लाइसमध्ये, जायफळाची चिमूट, मंद तव्यावर. आच वाढली की साखर जळते. अहमदाबादच्या माणेक चौकात रात्री अननस, चॉकलेट आणि चीज एका सँडविचमध्ये घालून देतात आणि लोक रांगेनं खातात. तिथंही त्या गोडाला चीजचं मीठच सावरतं. पेढ्याला लोण्याचं मीठ पुरतं.

नको असलेलंही सांगते. मेयोनीज, शेजवान आणि चीज हे तिन्ही एकत्र घालायची हल्ली पद्धत पडली आहे. तसं केलं की आत बटाटा आहे की पनीर हे कळत नाही, आणि दहा गाड्यांवर दहा नावांनी एकच चव मिळते. तुमच्या स्टॉलला गिऱ्हाईकानं पुन्हा यायचं असेल तर त्याला घासात काय आहे ते ओळखू आलं पाहिजे. मेयो ठेवायचंच असेल तर उकडलेल्या अंड्याबरोबर ठेवा: अंडं जाडसर कुस्करलेलं, थोडं मेयो, कांदा-लसूण मसाला, कच्चा कांदा. मात्र अंडं, चक्का, पनीर, मेयो उन्हाळ्यात बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. बर्फाच्या पेटीत लहान डबे ठेवा आणि लागेल तसा एकेक काढा. केचप गिऱ्हाईकाच्या हातात द्या, सँडविचच्या आत नको. आधीच गोड ब्रेडमध्ये ते आणखी गोड घालतं.

सुरुवातीला पाटीवर खूप नावं लिहू नका. बटाटा-चटणीचं नेहमीचं एक असू द्या, कारण सोबत आलेल्यातला एक जण तेच मागतो आणि ते चांगलं असलं की बाकीच्यांवर विश्वास बसतो. त्याच्याबरोबर खर्डा-चक्का, बेदाणा-चीज आणि घेवडा. डिसेंबर लागला की स्ट्रॉबेरी घ्या, थंडी सरताना हळद-पनीर. शेंगदाणा-केळं आणि पेढा लोक ओळखीचे झाल्यावर. नवीन नावाचं अख्खं सँडविच घ्यायला लोक कचरतात, म्हणून पहिला महिनाभर अर्धं विकायचीही तयारी ठेवा. खर्डा-चक्क्याचं उरलेलं अर्धं बटर पेपरात घट्ट गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवलं तर वीस-पंचवीस मिनिटं उत्तम राहतं. बेदाणा-चीजचं तसं करू नका. चीज आळलं की पुन्हा गरम करताना बेदाणा जळतो. त्यासाठी दोन अर्धी मागणारी गिऱ्हाईकं एकत्र करून मगच ग्रिल लावा.